नगरची सगुणा... मायेच्या घरातली पहिली कादंबरी!

आनंदीबाई जोशी अमेरिकेच्या बोटीत बसल्या त्याच्या पाच वर्षं आधीची गोष्ट. अहमदनगरची एक मराठी ख्रिस्ती मुलगी डॉक्टर व्हायला मद्रासला गेली. आजारपणानं तिचं ते स्वप्न मोडलं. मग तिनं हाती लेखणी घेतली आणि आई, भाऊ, बहिणी, मैत्रिणी, श्रद्धा, संसार यांची एक कादंबरी लिहिली. कृपाबाई सत्यनाथन यांचं हे आयुष्य आणि त्यांच्या 'सगुणा'ची ही हकिकत...

'चौघीजणी' ज्यांनी शाळेत असताना वाचली, त्यांना मेग, ज्यो, बेथ आणि एमी सख्ख्या बहिणींसारख्या आठवतात. लुइसा मे अल्कॉट या अमेरिकन लेखिकेची 'लिटल विमेन' १८६८ साली आली आणि शांता शेळके यांनी तिला मराठी रूप दिलं. वडील युद्धावर, घरात आई आणि चार मुली. पैशाची ओढाताण, आजारपण, रुसवेफुगवे, आणि या सगळ्याला धरून ठेवणारी साधी ख्रिस्ती श्रद्धा. पुढं इंग्रजीत अशा मायेच्या, घरगुती, श्रद्धेच्या कादंबऱ्यांची एक मोठी परंपराच तयार झाली. आजही ती जोरात आहे.

अशीच एक गोष्ट आपल्या नगरच्या घरातही घडली, आणि ती लिहिलीही गेली. लिहिणारी मुलगी तशीच ज्योसारखी, पुस्तकवेडी, मानी, फटकळ. फरक एवढाच की तिनं ती इंग्रजीत लिहिली आणि छापली गेली मद्रासला. त्यामुळेच की काय, मराठी घरांत तिचं नाव फारसं घेतलं जात नाही.

तिचं नाव कृपाबाई. माहेरचं आडनाव खिस्ती.

तेरावं लेकरू

कृपाबाईंचा जन्म १४ फेब्रुवारी १८६२चा, अहमदनगरचा. (हे शहर आता अहिल्यानगर म्हणून ओळखलं जातं.) वडील हरिपंत, आई राधाबाई. दोघंही ब्राह्मण घरातली. मुंबई इलाख्यात ब्राह्मणांमधून ख्रिस्ती झालेल्या अगदी पहिल्या कुटुंबांत त्यांची गणना होते. या दांपत्याला चौदा मुलं झाली. त्यांतलं कृपा हे तेरावं!

त्या काळचं नगर म्हणजे नुसतं छावणीचं शहर नव्हतं. अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं तिथं १८३१ सालीच पडलं होतं. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२मध्ये तिथूनच सुरू झालं. मिस सिंथिया फरार या अमेरिकन बाईंनी तिथं मुलींच्या शाळा चालवल्या. त्या शाळा पाहूनच जोतिराव फुल्यांच्या मनात पुण्यात मुलींची शाळा काढण्याचं घोळू लागलं. या फरारबाई नगरलाच वारल्या, त्या १८६२ साली. म्हणजे ज्या वर्षी कृपा जन्मली, त्याच वर्षी!

घरात पुस्तकं होती, वाद होते, प्रार्थना होती. पण लवकरच वडील गेले. एवढ्या मोठ्या कुटुंबाचं ओझं आईवर आणि थोरल्या भावावर, भास्करवर आलं. कृपाला वाचनाची गोडी लावली ती याच भास्करनं. मुलीनं शिकावं, विचार करावा, देशाच्या उपयोगी पडावं असं बोलणारा भाऊ १८७०च्या सुमाराला किती घरांत असेल? पण तोही तरुणपणीच गेला. धाकटी बहीण या धक्क्यानं पार खचली.

आपल्या कादंबरीत तिनं या भावाचं नावसुद्धा बदललं नाही. 'सगुणा'मधला भाऊ भास्करच आहे.

राधाची गोष्ट

'सगुणा'ला भारतीय स्त्रीनं इंग्रजीत लिहिलेली पहिली आत्मचरित्रात्मक कादंबरी मानलं जातं. गंमत म्हणजे ती सुरू होते सगुणाच्या जन्माच्या कितीतरी आधी, तिच्या आईपासून. आईचं नाव राधा. बालवयात लग्न झालेली, सासरी राबणारी एक मुलगी. एक दिवस तिला कळतं की आपला नवरा ख्रिस्ती होणार!

एकोणिसाव्या शतकातल्या धर्मांतरांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पण ते बहुतेक पुरुषांच्या बाजूनं. कुणी कोणता ग्रंथ वाचला, कुणाशी वाद घातला, कुठल्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला... आणि बायको? तिला कुणी विचारलं? नवऱ्याचा देव बदलला, पण तिचे उपास, तिचं सोवळं, तिची तुळस हे सारं एका रात्रीत कुठं जाणार? माहेर तुटलं, शेजार तुटला, जातीतलं हळदीकुंकू तुटलं. आणि ज्याच्यामुळे तुटलं तोच आता एकुलता एक आधार!

कृपाबाईंनी हे दुःख झाकून ठेवलं नाही. स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती असूनही त्यांनी राधाचा संताप आणि भीती समजून घेतली. राधा नव्या श्रद्धेकडं येते ती वादात हरून नव्हे. वर्षं जातात, नवऱ्याचा स्वभाव तिला कळत जातो आणि घरातली वागणूक ती पाहते, तशी ती हळूहळू वळते.

मराठी वाचकाला इथं दुसऱ्या एका बाईची आठवण झाल्याशिवाय राहात नाही. लक्ष्मीबाई टिळक! कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढं त्या परत आल्या आणि १९००मध्ये स्वतः ख्रिस्ती झाल्या. त्यांचं 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३७ या काळात भागाभागानं आलं आणि मराठीतल्या सर्वांत लाडक्या आत्मचरित्रांपैकी एक ठरलं. टिळकांचा संसारही पुढं नगरलाच झाला. म्हणजे एकाच गावच्या मातीतून नवऱ्याच्या धर्मांतरात सापडलेल्या दोन बायकांच्या कथा आल्या. एक लेकीनं इंग्रजीत लिहिली, दुसरी जिची तिनंच मराठीत सांगितली.

मानी मुलगी

बाप आणि भाऊ गमावलेली कृपा काही दिवस दोन युरोपियन मिशनरी बायकांकडं राहिली. नंतर मुंबईला मुलींच्या मिशन बोर्डिंगमध्ये गेली.

या दिवसांवरची 'सगुणा'मधली पानं वाचताना आजही चपापायला होतं. कारण अशा गोष्टीत गोऱ्या बाईंची स्तुतीच असणार, असा वाचकाचा अंदाज असतो. कृपाबाई तो खोटा ठरवतात. काही मिशनरी बायका भारतीय ख्रिश्चनांशी कशा वरच्या पायरीवरून बोलत, उपकाराची भाषा कशी वापरत, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे. प्रार्थनेत सगळी देवाची लेकरं, आणि व्यवहारात मात्र आमची पायरी खालची, हे कसं? सगुणाला हे सहन होत नाही. ती उलट बोलते, रुसते, रडते.

पण राग आला म्हणून तिनं चांगुलपणाकडं पाठ फिरवली नाही. त्याच बोर्डिंगमध्ये तिला एक अमेरिकन डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी तिची हुशारी ओळखली. डॉक्टर व्हायचं, हे स्वप्न तिथंच रुजलं. पडद्याआडच्या बायका पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा दाखवायला तयार नसत. त्यांच्यासाठी बाई डॉक्टर हवी, हे कृपाला मनापासून पटलं.

मद्रासची वाट

इंग्लंडला जाऊन शिकायची संधीही पुढं आली होती. पण प्रकृती नाजूक. इतका लांबचा प्रवास आणि तिथली थंडी झेपणार नाही, असं ठरलं. मग पर्याय निघाला मद्रासचा. मद्रास मेडिकल कॉलेजनं १८७५पासून स्त्रियांना दारं उघडली होती. १८७८ साली सोळा वर्षांची कृपा तिथं दाखल झाली.

राहायचं कुठं? तर रेव्हरंड डब्ल्यू. टी. सत्यनाथन यांच्या घरी. हे मद्रासमधले नामांकित तमिळ ख्रिस्ती धर्मगुरू. त्यांच्या पत्नी अ‍ॅना मुलींच्या शाळा चालवत, घराघरांत जाऊन बायकांना शिकवत. नगरहून आलेल्या, भाषा न कळणाऱ्या पोरीला या घरानं आपलं म्हटलं.

पहिल्या वर्षाचा निकाल लागला. एक विषय सोडला तर बाकी सगळ्या विषयांत कृपा पहिली!

आणि तिथंच तब्येतीनं दगा दिला. अभ्यासाचा ताण शरीराला पेलवेना. १८७९मध्ये तिला कॉलेज सोडून पुण्याला बहिणीकडं यावं लागलं. डॉक्टरकीचं स्वप्न संपलं. अवघ्या सतराव्या वर्षी!

बहिणीच्या घरी ती सावरली. साधारण वर्षभरानं पुन्हा मद्रासला गेली. या वेळी तिथं सत्यनाथनांचा मुलगा सॅम्युएल इंग्लंडहून, केंब्रिजचं शिक्षण संपवून परतला होता. १८८१मध्ये दोघांचं लग्न झालं. जिच्या घरी विद्यार्थिनी म्हणून राहिली, ती अ‍ॅनाबाई आता सासू झाली. मराठी सून, तमिळ सासर आणि घरात बोली इंग्रजी! सासू-सुनेचं नातं या घरात इतकं जुळलं की पुढं स्वतः अंथरुणाला खिळल्या असताना कृपाबाईंनी सासूबाईंच्या आठवणी लिहून काढल्या.

ऊटीची शाळा

लग्नानंतर सॅम्युएल ऊटकमंडला, म्हणजे ऊटीला, ब्रीक्स मेमोरियल स्कूलचे मुख्याध्यापक झाले. निलगिरीची हवा कृपाबाईंना मानवली. तब्येत जरा बरी होताच त्यांनी काय केलं? मुसलमान मुलींसाठी शाळा काढली! चर्च मिशनरी सोसायटीची मदत मिळाली. इतर मुलींच्या शाळांतही त्या शिकवत. डॉक्टर होऊन बायकांच्या घरात शिरायचं होतं. ते नाही जमलं, तर पाटी-पुस्तक घेऊन शिरल्या.

लिहायलाही सुरुवात झाली ती इथंच. निलगिरीतल्या तोडा लोकांवर, सहलींवर, बायकांच्या शिक्षणावर त्यांचे लेख छापून येऊ लागले. सही असे 'अ‍ॅन इंडियन लेडी', म्हणजे 'एक भारतीय स्त्री'. स्वतःचं नाव नाही!

नोकरीच्या बदल्यांमुळे पुढं राजमहेंद्री, मग कुंभकोणम, आणि १८८६ साली पुन्हा मद्रास. आजार पाठ सोडेना. तरीही १८८७-८८मध्ये 'मद्रास ख्रिश्चन कॉलेज मॅगझिन'मधून 'सगुणा' क्रमशः प्रसिद्ध झाली. पंचविशीतल्या मुलीनं आपलं आणि आपल्या आईचं आयुष्य लोकांसमोर मांडलं.

याच काळातल्या एका दुःखानं मात्र त्यांना पुरतं मोडलं. त्यांचं एकुलतं एक मूल वर्षाचं व्हायच्या आतच गेलं.

धर्म प्रचारात की घरात?

मराठीत ख्रिस्ती कथालेखनाची सुरुवात याआधीच झाली होती. बेळगावात १८३१ साली जन्मलेले बाबा पदमनजी हे त्याचे जनक. त्यांची 'यमुनापर्यटन' १८५७मध्ये आली. तीच मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते. यमुना नवऱ्याबरोबर गावोगाव फिरते आणि जागोजाग विधवांचे हाल पाहते. शेवटी तिच्यावरही वैधव्य येतं. ती ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते.

पदमनजींची कळकळ खरी होती. केशवपन, उपासमार, कोंडून ठेवणं यावर त्यांनी लिहिलं तेव्हा पांढरपेशा समाज तोंडावर पदर घेऊन बसला होता. पण त्यांचं पुस्तक बाहेरून पाहणाऱ्या सुधारकाचं आहे. त्यात वाद आहे, उपदेश आहे.

तीस वर्षांनी कृपाबाईंनी लिहिलं ते स्वयंपाकघराच्या आतून. भाऊ अभ्यासाला बसले की मुलीनं काय करायचं, आईनं कामाला हाक मारली की पुस्तक कुठं लपवायचं, आजारी भावाजवळ बसून रात्र कशी जाते, मैत्रिणीशी अबोला धरला की आपणच कसे कासावीस होतो... श्रद्धा या गोष्टींत मुरलेली आहे. दुधात साखर विरघळावी तशी. ती वेगळी काढून दाखवता येत नाही. म्हणूनच ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही ही गोष्ट परकी वाटत नाही.

हिंदू मुलीची कथा

मुंबईच्या डॉक्टरांना दाखवल्यावर आजार बरा होणार नाही हे कृपाबाईंना कळून चुकलं. हाती दिवस थोडे होते. अशा वेळी भाविक लेखिकेनं काय लिहावं? स्वतःच्या धर्माबद्दल? परलोकाबद्दल?

कृपाबाईंनी लिहिली 'कमला'. एका हिंदू मुलीची गोष्ट!

कमला दख्खनमधल्या डोंगरात विरक्त वडिलांच्या सावलीत वाढलेली. शिवगंगा नावाच्या गावात तिचं लग्न होतं. तिथं सासूचा जाच, नवऱ्याची फिरलेली नजर, माहेरपणाचा अभाव. तिला आधार असतो तो तिच्यासारख्याच सासुरवाशिणींचा. आपल्याच दुःखावर हसणाऱ्या, एकमेकींना चिडवणाऱ्या, वेळेला एकमेकींसाठी रडणाऱ्या या मैत्रिणी हा कादंबरीचा जीव आहे. पुढं कमला विधवा होते, लेकरूही जातं. तिच्यावर मनापासून प्रेम करणारा रामचंद्र लग्नाचं विचारतो, पण ती नाही म्हणते. आपल्या वाट्याला आलेलं धन ती विधवा आणि अनाथांसाठी खर्च करते.

इथं पुष्कळांना चुटपुट लागते. लेखिका एवढी शिकलेली, सुधारलेली, मग कमलाला पुन्हा संसार का दिला नाही? 'यमुनापर्यटन'मध्ये तो दिला होता ना? पण कृपाबाईंनी आपली मतं कमलाच्या तोंडी घातली नाहीत. कमला हिंदू घरातली, जुन्या संस्कारांतली. तिला जे खरं वाटेल तेच ती करते. तिला ख्रिस्ती करून घेण्याचा मोहही लेखिकेनं टाळला. मूल गमावलेली एक आई दुसऱ्या धर्मातल्या, मूल गमावलेल्या आईची कथा लिहीत होती. तिथं धर्माची भिंत आडवी आली नाही.

'कमला' पूर्ण झाली. ३ ऑगस्ट १८९४ रोजी कृपाबाई गेल्या. वय बत्तीस.

मैत्रिणींनी जपलेलं नाव

पुस्तकं टिकतात ती लिहिणाऱ्यामुळे, तशीच जपणाऱ्यांमुळेही. १८९४मध्ये 'कमला' पुस्तकरूपात आली तेव्हा तिला लेखिकेचा जीवनपरिचय जोडला होता मिसेस ग्रिग या बाईंनी. १८९५च्या 'सगुणा'ला प्रस्तावना होती मिसेस बेन्सन यांची. गोऱ्या बायकांच्या वरच्या पायरीवर जिनं रोखठोक लिहिलं, तिच्याबद्दल दोन इंग्रज बायकांनी आपलेपणानं लिहावं, यात दोन्ही बाजूंचा मोठेपणा आहे. पुढच्याच वर्षी कृपाबाईंचे सुटे लेखही एकत्र छापले गेले. दोन्ही कादंबऱ्या तमिळमध्ये गेल्या. शंभर वर्षांनी, १९९८मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं त्या चांदनी लोकुगे यांच्या संपादनाखाली पुन्हा छापल्या.

आणखी एक धागा आहे. सॅम्युएल यांनी नंतर पुन्हा लग्न केलं. या दुसऱ्या पत्नीचं नाव योगायोगानं कमला! नवरा-बायकोनं मिळून भारतीय ख्रिस्ती जीवनावरच्या गोष्टींचं पुस्तक काढलं. आणि १९०१ साली कमलाबाईंनी मद्रासहून 'इंडियन लेडीज मॅगझिन' सुरू केलं. बायकांनी बायकांसाठी चालवलेलं हे इंग्रजी मासिक. त्यात सरोजिनी नायडूंनी लिहिलं. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी लिहिलं. आणि १९०५ साली याच मासिकात रुकैया सखावत हुसेन या बंगाली मुसलमान लेखिकेची 'सुलतानाज ड्रीम' ही कथा छापून आली. पुरुष पडद्यात आणि कारभार बायकांच्या हाती, अशी भन्नाट कल्पना असलेली ही कथा आता जगभर वाचली जाते.

ऊटीच्या थंडीत कृपाबाईंनी मूठभर मुसलमान मुलींसाठी पाटी-पेन्सिल मांडली होती. त्यांच्याच घरातून निघालेल्या मासिकानं वीस-बावीस वर्षांनी एका मुसलमान लेखिकेला पान दिलं.

मायेच्या गोष्टी गुळगुळीत असतात, खऱ्या आयुष्याशी त्यांचा संबंध नसतो, असं म्हणणारे पुष्कळ असतात. त्यांनी एकदा 'सगुणा' उघडून पाहावी. वडील, भाऊ, डॉक्टरकी, लेकरू, स्वतःची तब्येत... एवढं हातातून गेलेल्या बाईनं ती लिहिली आहे. आणि तरी तिच्या पानापानांत माणसं एकमेकांना धरून आहेत. नगर-पुण्याकडच्या कुणाही आजीनं सांगावी अशीच ही गोष्ट. फक्त ती ऐकायला आपल्याला थोडा उशीर झाला, इतकंच!